निकालाआधीचा निकाल

इंग्लंडमधल्या मुलांना कायद्याच्या पदवीसाठी अर्ज करायचा असतो तो शालेय परीक्षेचा निकाल हाती येण्याआधी. ए-लेव्हल ही त्यांची शेवटची शालेय परीक्षा, आपल्या बारावीच्या तोडीची. ती मे-जूनमध्ये होते आणि निकाल ऑगस्टच्या मध्यावर लागतो. अर्ज मात्र त्याच्या कितीतरी आधी जातो. ऑक्सफर्ड-केंब्रिजसाठी आदल्या वर्षीचा १५ ऑक्टोबर हा शेवटचा दिवस असतो, इतरांसाठी जानेवारी. मग गुण नसताना विद्यापीठे निवड करतात कशाच्या आधारे? शाळेने लिहून दिलेल्या अंदाजाच्या. या विद्यार्थ्याला इतिहासात ए मिळेल, इंग्रजीत बी, गणितात बी, असे शिक्षक ‘यूकास’ या मध्यवर्ती प्रवेशसंस्थेकडे कळवतात आणि त्या अक्षरांवर दारे उघडतात किंवा मिटतात.

महाराष्ट्रात शिकलेल्या पालकाला हे विचित्र वाटते. आपल्याकडे पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाचा प्रवेश सीईटी किंवा क्लॅट ठरवते. बारावीचे गुण खुल्या प्रवर्गाला ४५ टक्क्यांची अट पुरी करण्यापुरते लागतात, आणि तेही प्रत्यक्ष मिळालेले. इंग्लंडमधली पद्धत समजून घ्यायची तर आपल्या गावाकडच्या पैसेवारीची आठवण करावी. पीक उभे असतानाच महसूल खाते नजर पैसेवारी जाहीर करते. अंतिम पैसेवारी कापणीनंतर येते. अंदाजित ग्रेड म्हणजे नजर पैसेवारी. फरक इतकाच, की इंग्लंडमध्ये मोठे निर्णय नजर पैसेवारीवरच होऊन जातात.

हा अंदाज बांधला कसा जातो? बहुतेक शाळांत तिथल्या बारावीच्या, म्हणजे ए-लेव्हलच्या पहिल्या वर्षाच्या, अखेरीस अंतर्गत परीक्षा होते. तिचे गुण, वर्गातले काम, सोळाव्या वर्षी दिलेल्या जीसीएसईचे ग्रेड आणि शिक्षकाचे स्वतःचे मत यांतून सप्टेंबरपर्यंत एक अक्षर ठरते. पूर्वी शिक्षकाच्या हातात आणखी एक भक्कम पुरावा असे. पहिल्या वर्षाच्या शेवटी एएस ही सार्वजनिक परीक्षा होई आणि तिचे गुण अंतिम निकालातही धरले जात. २०१५ पासून टप्प्याटप्प्याने झालेल्या बदलांत एएस आणि ए-लेव्हल वेगळे केले गेले. बऱ्याच शाळांनी मग एएस घेणेच थांबवले. पुरावा गेला, पण अंदाजाचे वजन तितकेच राहिले.

यूकासच्या व्याख्येप्रमाणे हा ग्रेड म्हणजे अनुकूल परिस्थितीत विद्यार्थी जे मिळवू शकेल असे शाळेला वाटते ते. ‘अनुकूल परिस्थितीत’ हे शब्द लक्षात ठेवावेत, कारण अंदाज बहुधा चढे का निघतात याचे उत्तर त्यांत आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधक गिल वायनेस यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन सर्वोत्तम विषयांचा विचार करता केवळ १६ टक्के अर्जदारांचे अंदाज बरोबर ठरले होते. ७५ टक्क्यांना प्रत्यक्षापेक्षा जास्त अंदाज मिळाला होता, ९ टक्क्यांना कमी.

शेवटचा आकडा लहान दिसतो. माझ्या मते खरा अन्याय तिथेच आहे. वायनेस यांच्याच कामातून असे दिसले की ज्यांना पुढे खरोखर उत्तम गुण मिळाले त्या मुलांमध्ये गरीब घरांतल्यांचे अंदाज श्रीमंत घरांतल्यांपेक्षा अधिक वेळा कमी बांधले गेले होते. दरवर्षी साधारण एक हजार हुशार पण वंचित मुलांच्या वाट्याला हे येते असा त्यांचा हिशेब होता. अशी मुले मग आपल्या कुवतीपेक्षा खालच्या अभ्यासक्रमाला अर्ज करतात, कारण वरच्याला अर्ज करायला त्यांना कोणी सांगतच नाही. ज्या शाळेतून आजवर कोणी ऑक्सफर्डला गेलेले नाही तिथल्या शिक्षकाला ए-स्टार हा सर्वोच्च ग्रेड लिहिताना हात आखडावासा वाटतो. ज्या शाळेतून दरवर्षी वीस जण जातात तिथे तो सहज लिहिला जातो. यात कोणाचा दुष्टपणा नसतो, पण मुलाचे नुकसान व्हायचे ते होतेच.

अंदाजांवर सगळेच सोडले तर काय होते हे इंग्लंडने २०२० मध्ये पाहिले. कोविडमुळे परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी ग्रेड दिले आणि ‘ऑफक्वाल’ या नियामक संस्थेने ते एका गणिती सूत्रातून गाळून घेतले. सूत्रात शाळेच्या मागील वर्षांच्या निकालांना मोठे स्थान होते. १३ ऑगस्टला निकाल लागला तेव्हा शिक्षकांनी दिलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के ग्रेड खाली आलेले होते. ज्यांच्या शाळेचा इतिहास सामान्य, त्या हुशार मुलांना त्या इतिहासाची शिक्षा मिळाली. उलट लहान तुकड्यांच्या बाबतीत शिक्षकांचे ग्रेड बव्हंशी जसेच्या तसे ठेवले गेले, आणि लहान तुकड्या खासगी शाळांत जास्त. मुले रस्त्यावर उतरली. १७ ऑगस्टला सरकारने सूत्र मागे घेतले आणि शिक्षकांचे ग्रेड मान्य केले. चार दिवसांत ग्रेड गमावलेल्या आणि परत मिळवलेल्या त्या पिढीला अंदाज ही काय चीज आहे हे वेगळे समजवावे लागत नाही.

आता कायद्याकडे येऊ. समजा, लेस्टरमधली एक मुलगी आहे. तिला कायदा शिकायचा आहे आणि शाळेने तिचा अंदाज एबीबी असा बांधला आहे. केंब्रिज, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन, किंग्ज कॉलेज आणि डरॅम यांची कायद्यासाठीची नेहमीची मागणी ए-स्टार, ए, ए अशी असते. ऑक्सफर्ड एएए मागते. ते ऐकून ऑक्सफर्ड सोपे आहे असे कोणी समजू नये. तिथे साधारण दहा अर्जांमागे एक जागा असते, आणि मुलाखतीतून पार पडावे लागते. लीड्स, मँचेस्टर, एक्झिटर यांची मागणी एएएच्या आसपास फिरते. शेफील्ड, लिव्हरपूल, लेस्टर, ससेक्स अशी विद्यापीठे त्याखाली, एएबीपासून बीबीबीपर्यंत. हे आकडे वर्षागणिक थोडे हलतात, म्हणून अर्ज करताना त्या वर्षीचे पान उघडून पाहावेच.

यूकासच्या अर्जात पाच जागा मिळतात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांपैकी एकच घालता येते. एबीबीवाल्या मुलीने पाचही जागा ए-स्टारवाल्यांना दिल्या तर मार्चपर्यंत पाच नकार हाती येण्याची शक्यता दांडगी. पाचही जागा खालच्या पायरीवर खर्च केल्या, तर ऑगस्टमध्ये एएए मिळाल्यावर हळहळत बसायची वेळ येईल. कायद्याला मागणी इतकी असते की अव्वल विद्यापीठांना ठरलेल्या पायरीखालचा अंदाज दुर्लक्षित करायचे कारणच नसते. पण पायरीच्या एक ग्रेड खाली असलेला अंदाज आणि तीन ग्रेड खाली असलेला अंदाज यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक ग्रेड कमी असेल आणि अर्जाचे बाकीचे अंग भरीव असेल, तर धाडसाच्या एक-दोन जागा जरूर घालाव्यात. दोन जागा आपल्या अंदाजाच्या पातळीच्या, आणि एक त्याखालची, जिथे जायला मन राजी असेल अशी. ही शेवटची अट महत्त्वाची. ऑफर, म्हणजे ठरावीक ग्रेडच्या अटीवर देऊ केलेली जागा, हाती आल्यावर विद्यार्थ्याला एक पक्की आणि एक राखीव निवडावी लागते. राखीव ऑफरची अट पक्कीइतकीच कडक असेल, तर तिचा काहीच उपयोग नाही. हे गणित चुकवणारी मुले दरवर्षी ऑगस्टमध्ये दोन्ही जागा गमावून बसतात.

स्कॉटलंडबद्दल एक इशारा. ग्लासगो आणि एडिंबरा इथल्या कायद्याच्या नेहमीच्या पदव्या स्कॉटिश कायद्याच्या आहेत, आणि तो इंग्लंडच्या कायद्याहून वेगळा आहे. लंडनमध्ये वकिली करायची असेल, तर जागा भरण्यासाठी म्हणून ही नावे अर्जात टाकू नयेत.

अंदाज कमी असताना तराजू दुसऱ्या बाजूला झुकवू शकेल अशी सर्वांत वजनदार गोष्ट म्हणजे एलनॅट. कायद्याच्या प्रवेशासाठीची ही सामाईक चाचणी २००४ मध्ये सुरू झाली. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लंडनची तीन मोठी कॉलेजे, डरॅम यांना ती लागते. चाचणी सव्वादोन तासांची. पहिल्या ९५ मिनिटांत १२ उतारे आणि त्यांवर ४२ बहुपर्यायी प्रश्न. उरलेल्या ४० मिनिटांत तीनपैकी एका विषयावर निबंध. कायद्याचे ज्ञान अजिबात लागत नाही. लेखकाने काय म्हटले आहे, काय गृहीत धरले आहे, युक्तिवाद कुठे लंगडतो, हे ओळखता येते का एवढेच पाहिले जाते. ४२ पैकी सरासरी गुण विशीच्या पहिल्या चार-पाच आकड्यांत येतात. यावरून पेपर किती चिवट आहे याचा अंदाज यावा. उत्तीर्णतेची रेषा नाही. प्रत्येक विद्यापीठ गुण आणि निबंध आपापल्या पद्धतीने तोलते.

अंदाज शाळेतला एक माणूस बांधतो. एलनॅटचे ४२ प्रश्न मात्र त्या माणसाला आणि शाळेला ओळखत नाहीत. म्हणून ज्याच्यावर कमी अंदाजाचे ओझे आहे त्याने सुट्टीतला सगळा जोर इथे लावावा. क्लासच्या महागड्या पुस्तिका विकत घेण्याची गरज नाही. एलनॅटच्या संकेतस्थळावरचे सराव पेपर फुकट आहेत, आणि रोज एक गंभीर संपादकीय वाचून लेखकाचा निष्कर्ष आणि त्याची कारणे वेगळी काढून लिहिणे हा सर्वांत चांगला सराव आहे. चाचणी एका प्रवेशवर्षात एकदाच देता येते, आणि यंदाचे गुण पुढच्या वर्षी चालत नाहीत. घाईघाईने सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती उरकून टाकणारी मुले पाहिली की वाईट वाटते. ऑक्सफर्ड-केंब्रिजला अर्ज असेल तर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ती द्यावीच लागते, पण तोवरचे दिवस वापरावेत. ज्यांना शुल्क परवडत नाही त्यांच्यासाठी शुल्कमाफीची सोय आहे, आणि ती मागायला संकोचू नये.

दुसरी गोष्ट परिस्थितीनुसार दिल्या जाणाऱ्या ऑफरची. शाळेत मोफत जेवण मिळणारी, अनाथालयात किंवा पालक-कुटुंबात वाढलेली, ज्या वस्तीतून फार कमी मुले विद्यापीठात जातात तिथली मुले, अशांसाठी बरीच विद्यापीठे मागणी खाली आणतात. ब्रिस्टल विद्यापीठात ही सूट दोन ग्रेडपर्यंत जाते. ऑक्सफर्डने २०२३ मध्ये ॲस्ट्रोफोरिया नावाचे पायाभूत वर्ष सुरू केले. सरकारी शाळांतल्या वंचित विद्यार्थ्यांसाठी ते पूर्ण खर्चासह आहे, कायद्याचा त्यात समावेश आहे आणि मागणी बीबीबी आहे. सटन ट्रस्टचा ‘पाथवेज टू लॉ’ हा कार्यक्रम २००६ पासून वकिली व्यवसायात ज्यांची ओळखदेख नाही अशा मुलांना हात देतो. आपल्या लेस्टरच्या मुलीची शाळा आणि वस्ती या निकषांत बसत असेल, तर तिच्यासाठी एबीबी आणि एएए यांतले अंतर एका फटक्यात मिटू शकते. दुर्दैव असे की ज्यांच्यासाठी या सवलती आहेत त्यांनाच त्या माहीत नसतात. स्थलांतरित घरांत ‘सवलत मागणे कमीपणाचे’ असाही एक समज दिसतो. तो सोडावा. ही भीक नाही. शाळा आणि वस्ती यांनी आधीच कापून घेतलेले गुण त्यात हिशेबात धरले जातात.

अर्जातल्या वैयक्तिक निवेदनाबद्दल थोडक्यात. २०२६ च्या प्रवेशांपासून एकसंध निबंध जाऊन तीन प्रश्न आले आहेत: हा विषय का, शिक्षणाने त्यासाठी काय तयारी करून दिली, आणि शिक्षणाबाहेर तुम्ही स्वतः काय केले. मर्यादा एकूण ४,००० अक्षरांची. कमी अंदाजाबद्दल इथे रडगाणे गाऊ नये. त्याची जागा शिक्षकांच्या शिफारसपत्रात आहे. शिफारसपत्राचे आता तीन भाग आहेत आणि त्यांतला एक विद्यार्थ्याच्या अडचणींसाठीच राखून ठेवलेला आहे. आजारपण, घरातला मृत्यू, वर्षाच्या मध्यात बदललेले शिक्षक, जे घडले असेल ते शिक्षकाला वेळेवर सांगावे, म्हणजे ते तिथे येईल.

आणि अंदाजच बदलून घेता येईल का? कधीकधी येतो. त्यासाठी जूनमध्ये बोलावे. ऑक्टोबरमध्ये उशीर झालेला असतो. मराठी आई-वडील शिक्षकांशी हुज्जत घालायला कचरतात, आणि ती घालूही नये. “सर, तिला ए मिळायला काय कमी पडते आहे? सप्टेंबरमध्ये तिने पुन्हा पेपर दिला तर तुम्ही फेरविचार कराल का?” हा प्रश्न आदराने विचारता येतो, आणि चांगल्या शिक्षकाला तो आवडतो. मात्र अंदाज ओढूनताणून फुगवून घेण्यात शहाणपण नाही. ए-स्टारचा अंदाज लिहवून घेतला, तशीच कडक ऑफर आली आणि ऑगस्टमध्ये दोन बी आले, तर अंदाजाने कमावलेली जागा निकाल काढून घेतो.

कायद्यात यायला कायद्याचीच पदवी लागते हाही गैरसमज आहे. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्यासाठी कोणत्याही विषयाची पदवी चालते. २०२१ पासून सुरू झालेली एसक्यूई ही परीक्षा आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव हा आता मुख्य मार्ग आहे. बॅरिस्टर व्हायचे असेल तर दुसऱ्या विषयाच्या पदवीनंतर रूपांतराचा एक अभ्यासक्रम करावा लागतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात २०१२ मध्ये न्यायाधीश झालेले जोनाथन सम्प्शन यांची पदवी इतिहासाची होती. ज्या मुलीला इतिहास मनापासून आवडतो आणि कायद्यासाठी ए-स्टारचा अंदाज नाही, तिने चांगल्या विद्यापीठात इतिहास शिकून मग कायद्याकडे वळणे ही तडजोड नव्हे, तो रुळलेला मार्ग आहे.

भारतातून अर्ज करणाऱ्यांनाही हे सगळे लागू होते. बारावीचे निकाल मे महिन्यात, अर्ज त्याच्या आधी, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या कनिष्ठ महाविद्यालयालाही अंदाजित टक्केवारी लिहून द्यावी लागते. काही विद्यापीठे सीबीएसई-आयएससीसाठी एक टक्केवारी मागतात आणि राज्य मंडळासाठी वेगळी, हे आधी पाहून घ्यावे. परत येऊन इथे वकिली करायची असेल, तर परदेशी पदवीधारकांसाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम आणि पात्रता परीक्षा आहेत. ते फी भरण्याआधी वाचावेत, नंतर नव्हे.

महाराष्ट्राचा या विषयाशी एक जुना धागाही आहे. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पहिल्या आल्या होत्या. त्या क्रमांकावर इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती, ती स्त्री म्हणून नाकारली गेली. इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे जमवले, १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या आणि विद्यापीठाने खास ठराव केल्यावर १८९२ मध्ये कायद्याच्या परीक्षेला बसल्या. ही परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पदवी मात्र हाती पडायला १९२२ साल उजाडले. निकाल हाती असूनही दार अडवले जाऊ शकते, हे त्यांच्या आयुष्यात घडले. आजच्या मुलांची अडचण वेगळी आहे: निकाल हाती नसताना त्यांचे दार ठरते.

हे बदलण्याचा विचार ब्रिटनमध्ये झाला नाही असे नाही. स्टीव्हन श्वार्ट्झ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००४ मध्येच निकालानंतर प्रवेश ही पद्धत सुचवली होती. जानेवारी २०२१ मध्ये सरकारने पुन्हा मते मागवली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये बदल करणार नसल्याचे जाहीर केले. शाळा-विद्यापीठांचे वेळापत्रक हलवावे लागेल हे कारण मला पुरेसे वाटत नाही. ज्या अंदाजांपैकी सहांत एकच अचूक निघतो, त्यांवर वकिली-न्यायदानासारख्या क्षेत्राचे प्रवेश चालू ठेवणे चुकीचे आहे.

पण सरकारने नाकारलेली ही पद्धत एकट्या विद्यार्थ्याला स्वतःपुरती अमलात आणता येते, आणि कमी अंदाज मिळालेली फारच थोडी मुले तसे करतात. यंदा अर्ज करू नये, किंवा केला आणि मनासारखी ऑफर आली नाही तर ती धरून बसू नये. ऑगस्टमध्ये चांगला निकाल लागल्यावर आपली जागा सोडून क्लिअरिंगमध्ये, म्हणजे उरलेल्या जागा भरण्याच्या फेरीत, शिरता येते, पण अव्वल विद्यापीठांच्या कायद्याच्या जागा तिथे क्वचितच उरलेल्या असतात. त्यापेक्षा एक वर्ष थांबून, हातात प्रत्यक्ष एएए घेऊन नव्याने अर्ज करणे अधिक खात्रीचे. तेव्हा शिक्षकाचा अंदाज लागत नाही. विद्यापीठालाही अटीशिवाय ऑफर देता येते. पुन्हा परीक्षेला बसून ग्रेड सुधारले असतील, तर मात्र प्रत्येक विद्यापीठाचे धोरण आधी तपासावे. काही ठिकाणी पहिल्याच प्रयत्नाला पसंती असते. मधले वर्ष नोकरीत, न्यायालयात बसून खटले ऐकण्यात, वाचनात जावे. घरी लोक काय म्हणतील याची चिंता आई-वडिलांनी स्वतःकडे ठेवावी, मुलीवर लादू नये.

ऑगस्टच्या मध्यावर निकाल, आणि १५ ऑक्टोबरला ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत. मध्ये दोन महिने मिळतात. तेवढ्यात एलनॅट नव्याने द्यावी, तीन प्रश्नांची उत्तरे नव्याने लिहावीत, आणि पाचही जागा मिळालेल्या गुणांच्या बळावर मागाव्यात.